बाहेरची शाई भरताय? आधी प्रिंटरचं हेड कुठंय ते बघा

चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की आमच्या गोव्यातल्या घरातला प्रिंटर एकदम मोठा माणूस होतो. वाड्यावर घुमट (मातीचं वाद्य) वाजवत आरत्या म्हणणाऱ्यांना आरत्यांचे कागद हवे असतात, बायकोला माटोळीच्या (गणपतीच्या वर टांगतात त्या फळा-पानांच्या) सामानाची यादी, पोरीचं शाळेचं प्रोजेक्ट असतंच, वर शेजारच्या काकांना आधारची रंगीत कॉपी आजच पायजे असते. आणि नेमकी तेव्हाच शाई संपते. मग डिचोलीच्या बाजारात जायचं, ओरिजिनल कार्ट्रिजचा भाव ऐकायचा, आणि एवढ्यात तर चवथीचे सगळ्यांचे कपडे होतील असा विचार करत परत यायचं. गेली सात-आठ वर्षं मी रिफिल, कंपॅटिबल, बाटलीतली लोकल शाई सगळं वापरून बघितलंय, त्यात एक प्रिंटर स्वतःच्या हातानं मारलापण, तर काय कळलं ते एकदा लिहून टाकतो, कारण दर आठवड्याला कोणीतरी फोन करून तेच विचारतं.

दुकानात गेलात की चार शब्द कानावर पडतात आणि लोक चारही एकच समजतात. ओरिजिनल म्हणजे प्रिंटरच्या कंपनीचं. कंपॅटिबल म्हणजे दुसऱ्याच कंपनीनं नवीन बनवलेलं, खोक्यावर तिचं स्वतःचं नाव, फक्त तुमच्या प्रिंटरला बसेल असं. रिफिल म्हणजे जुनं ओरिजिनल कार्ट्रिज धुऊन-पुसून त्यात नवी शाई किंवा टोनर (लेझर प्रिंटरची पावडर) भरलेला. आणि डुप्लिकेट म्हणजे आत काहीतरी भरून बाहेर ओरिजिनलचं खोकं आणि स्टिकर लावलेलं, ही सरळ फसवणूक. पहिले तीन प्रकार उघडपणे वापरायला काहीच हरकत नाही, चौथ्यात तुम्ही ओरिजिनलचे पैसे देता आणि रिफिल घेऊन येता. खोकं अर्ध्या भावात मिळतंय आणि दुकानदार बिल द्यायला का-कू करतोय तर समजून जायचं.

आता मुख्य मुद्दा. बाहेरची शाई चालेल का असं विचारण्याआधी तुमच्या प्रिंटरचं हेड कुठं आहे ते बघा. हेड म्हणजे ती बारीक भोकांची पट्टी जिच्यातून शाई कागदावर उडते. तीच महाग, तीच बिघडते, बाकी प्रिंटर म्हणजे मोटर, पट्टा आणि प्लास्टिक.

पहिला प्रकार छोट्या कार्ट्रिजवाला. एचपीचे ८०३ किंवा ६८२ नंबरवाले, कॅननचे ७४५-७४६ किंवा ४७-५७ वाले. कार्ट्रिज हातात घेऊन उलटं करा, खाली चकचकीत पट्टी दिसेल आणि बाजूला तांब्याचे ठिपके ठिपके. ती पट्टी म्हणजेच हेड. म्हणजे प्रत्येक नवीन कार्ट्रिजबरोबर तुम्ही नवं हेड विकत घेता, म्हणून ते एवढं महाग, आणि म्हणूनच इथं प्रयोग करायला भीती नाही, बिघडलं तर कार्ट्रिज जाईल, प्रिंटर नाही.

दुसरा प्रकार टँकवाला, बाजूला चार पारदर्शक डबे असलेला. यातसुद्धा फरक आहे. कॅननच्या जी सिरीजमध्ये आणि एचपीच्या इंक टँकमध्ये हेड शाई गरम करून बुडबुड्यानं उडवतं आणि ते हेड काढून बदलता येतं. ईप्सनमध्ये गरम करणं नाहीच, करंट दिला की आतला क्रिस्टल वाकतो आणि शाई ढकलतो, हे हेड वर्षानुवर्षं टिकतं पण ते प्रिंटरमध्येच पक्कं बसवलेलं असतं, आणि गेलं तर मेकॅनिक खर्च सांगतो तेव्हा माणूस नवीन प्रिंटरच बघायला लागतो.

तिसरा लेझर, त्यात शाईच नाही, पावडर. त्याच्याकडे नंतर येतो.

आधी छोट्या कार्ट्रिजचं रिफिल, कारण खरी बचत इथं आहे. ओरिजिनल छोटं काळं कार्ट्रिज हजाराच्या आसपास पडतं आणि बऱ्याच मॉडेलांत पानं दोनशेच्या आतच निघतात. हेच कार्ट्रिज घरी तीन-चार वेळा सहज भरता येतं, माझं एक सहा वेळा भरून झालं होतं. फार्मसीतून पाच मिलीची दोन-तीन सिरिंज आणायची, एका रंगाला एक, धुऊन तीच वापरतो असं करू नका. टेबलावर जुना पेपर पसरा, हातात ग्लोव्हज घाला, नाहीतर दोन दिवस बोटं निळी घेऊन ऑफिसात फिरावं लागतं आणि सगळे विचारतात की मतदान कुठं होतं.

कार्ट्रिजच्या वरचा स्टिकर हळूच उचला, खाली भोकं दिसतील. काळ्यात काम सोपं, सुई स्पंजात अर्धी घालायची आणि अगदी सावकाश दाबायचं, चार-पाच मिली पुरे होते. भोकातून शाई वर यायला लागली की थांबा आणि थोडी परत ओढून घ्या. सगळ्यांची चूक इथंच होते, आणखी एक मिली बसेल म्हणून दाबतात, मग कार्ट्रिज आत बसल्यावर ठिबकतं आणि ती शाई खालच्या तांब्याच्या ठिपक्यांवर गेली की प्रिंटर ते ओळखतच नाही. रंगीत कार्ट्रिजमध्ये तीन कप्पे असतात आणि कुठल्या भोकाखाली कुठला रंग हे मॉडेलप्रमाणे बदलतं, तेव्हा कुठल्यातरी व्हिडिओवर विश्वास ठेवून भरू नका, प्रत्येक भोकात नवी टूथपिक घालून बाहेर काढा आणि टोकाला कुठला रंग लागलाय ते बघा. मग प्रत्येकात दीड-दोन मिली. एकदा पिवळ्यात लाल गेला की तो कप्पा संपला, साफ होत नाही.

भरून झालं की टिश्यू पेपर कोमट पाण्यात भिजवून पिळा, घडी करा आणि कार्ट्रिजची पट्टी त्यावर दहा-पंधरा सेकंद नुसती टेकवा. घासायचं नाही. रंगीतला तीन पट्टे स्वच्छ दिसले पाहिजेत. स्टिकर परत लावताना हवा जायला वाट ठेवा, सेलोटेपनं पूर्ण बंद केलं तर शाई खाली येतच नाही आणि मग लोक शाईला शिव्या देतात. आणि कार्ट्रिज पूर्ण कोरडं होईपर्यंत वाट बघू नका, प्रिंट फिकट यायला लागली की त्याच दिवशी भरा, कारण या हेडमधला हीटर शाईमुळेच थंड राहतो, कोरडं चालवलं की जळतो.

आता प्रिंटर ओरडणार. शाई संपली, कार्ट्रिज वापरलेलं आहे, नकली आहे असं काय काय दाखवेल. प्रिंटर शाई मोजत नाही, किती थेंब उडवले ते मोजतो, आणि तुम्ही आत सुईनं काय घातलंत त्याला कळायला मार्ग नाही. एचपीत ओके करून पुढं जायचं, शाईची पातळी रिकामीच दिसत राहील, तिकडं बघूच नका. कॅननच्या छोट्या मॉडेलवर ई १३ किंवा ई १६ आलं तर स्टॉपचं बटन निदान पाच सेकंद दाबून धरा, त्या कार्ट्रिजपुरतं शाई मोजणं बंद होतं आणि काम सुरू. मात्र कार्ट्रिजमध्ये खरंच शाई असेल तरच हे करा.

चिपची, म्हणजे कार्ट्रिजवर असते त्या ओळख पटवणाऱ्या छोट्या चकतीची, भानगड वेगळी. १३ सप्टेंबर २०१६ ला एचपीच्या काही ऑफिसजेट मॉडेलवर जगभर एकाच दिवशी बाहेरची कार्ट्रिजं चालेनाशी झाली, लोकांना वाटलं कार्ट्रिज खराब, खरं तर आधीच्या अपडेटमध्ये ते घालून ठेवलेलं होतं. कंपनी याला डायनॅमिक सिक्युरिटी म्हणते. यात अडवलं जातं ते परक्या चिपला, ओरिजिनल चिप असलेलं रिफिल केलेलं कार्ट्रिज चालतं असं कंपनीच सांगते, म्हणून अशा प्रिंटरला कंपॅटिबल घेण्यापेक्षा स्वतःचं जुनं कार्ट्रिज जपून तेच भरून घेणं शहाणपणाचं. आणि प्रिंटर सेटिंगमध्ये जाऊन ऑटो अपडेट बंद करता येत असेल तर करून टाका. नवीन एचपी घेताना मॉडेल नंबरच्या शेवटी छोटा ई आहे का बघा, तसा असेल आणि एचपी प्लस या कंपनीच्या योजनेत नोंदणी केलीत की नेट कायम चालू आणि शाई कायम ओरिजिनल ही अट लागते, मग पुढचं काही वाचायची गरज नाही. गंमत म्हणजे २०२२ च्या सुरुवातीला जगात चिपांचा तुटवडा झाला तेव्हा कॅननला स्वतःचीच टोनर कार्ट्रिजं चिपशिवाय विकावी लागली आणि त्यांनीच ऑफिसवाल्यांना कळवलं की स्क्रीनवर इशारा येईल, त्याकडे दुर्लक्ष करून पुढं जा. चिप नसली तर प्रिंट खराब येते म्हणणाऱ्यांची तेव्हा चांगलीच पंचाईत झाली.

टँकवाल्यांकडे येऊ, आणि माझ्या मेलेल्या प्रिंटरकडेही.

शाईचे दोन प्रकार, डाय आणि पिगमेंट. डाय म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळलेला रंग, साखर विरघळते तसा. पिगमेंट म्हणजे अतिशय बारीक कण पाण्यात तरंगत ठेवलेले. डाय चमकदार दिसते पण पाणी लागलं की पसरते, उन्हानं लवकर उडते. पिगमेंट कागदावर बसून राहते, पाण्याला दाद देत नाही. ईप्सनच्या ६६४ आणि ००३ बाटल्या चारही डाय. कॅननची जीआय ७९० काळी आणि एचपीची जीटी ५१ किंवा ५३ काळी पिगमेंट, रंग डाय. म्हणजे फक्त काळी बाटली आणतानासुद्धा कुठली ते विचारायला हवं.

मी विचारलं होतं. दुकानदार म्हणाला, "चलता हो, सगळ्यांक एकूच इंक, कायच जावचें ना", म्हणजे काहीच होणार नाही. शंभर मिलीची बाटली, ओरिजिनलच्या पाव भावात, घेतली आणि घातली. पहिली चवथ मस्त गेली. म्हणजे तसं म्हणता येत नाही, कारण मखराजवळ आरत्यांचे कागद ठेवलेले, बाहेर पाऊस कोसळतोय, माणसं भिजून येतायत, ओल्या हातानं कागद धरतायत, तिसऱ्या घरात पोचेपर्यंत आरतीची अर्धी कडवी निळसर ढग झालेली आणि आमचे जाणते पाठ असलेलं जोरात म्हणतायत बाकीचे नुसते ओठ हलवतायत. यात शाईचा दोष नव्हता, डाय शाई अशीच वागते, ओरिजिनल असती तरी वाहिलीच असती. पण मी काय केलं, आता पाण्याला टिकणारी पायजे म्हणून दुसरीकडून काळी पिगमेंट आणली आणि टँकमध्ये उरलेल्या डायवरच ओतली. महिनाभर चाललं. मग काळ्यात बारीक पांढऱ्या रेघा, मग जाड रेघा, मग काळा बंदच. वेगवेगळ्या रसायनाच्या शाया एकत्र आल्या की कण गोळा होऊन तळाला बसतात, आणि जिथून शाई उडते ती भोकं केसापेक्षाही बारीक. डीप क्लीनिंग (प्रिंटरनं शाई ढकलून हेड साफ करणं) करत बसलो, त्यात रंगीत शाईपण अर्धी संपवली, आणि काळा काही आलाच नाही.

तर टँकमध्ये बाहेरची शाई घालायचीच असेल तर तुमच्या मॉडेलचा किंवा ओरिजिनल बाटलीचा नंबर ज्या लेबलवर छापलाय तीच घ्या, डायच्या जागी डाय, पिगमेंटच्या जागी पिगमेंट, युनिव्हर्सल लिहिलेली बाटली परत ठेवा. एक ब्रँड धरला की तोच चालू ठेवा. बदलायचाच असेल तर पातळी खालच्या रेघेच्या जवळ आल्यावर बदला म्हणजे मिसळ कमी होते, पण रेघेच्या खाली जाऊ देऊ नका, नळ्यांत हवा शिरली की ती काढायला परत शाईच खर्च होते. आणि कप-टीशर्टवर छापायची सब्लिमेशन शाई दिसायला तशाच बाटलीत येते, ती चुकूनही साध्या टँकमध्ये नको.

पण खरं सांगू का, टँकवाल्यात मी आता ओरिजिनलच घालतो. हिशोब करा. ००३ ची ६५ मिलीची काळी बाटली चारशेच्या आसपास, कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे ४५०० पानं. हा आकडा पानावर पाच टक्के शाई धरून असतो, म्हणजे साधं पत्र, फोटो नाही. तरी पानाला दहा पैसेसुद्धा पडत नाहीत. लोकल शाईनं पानामागं पाच-सहा पैसे वाचतात. घरात वर्षाला पाचशे पानं काढली तर तीस रुपये, त्यात कॅफेत एक भाजी-पावपण येत नाही, आणि त्याच्यासाठी पक्कं बसवलेलं हेड पणाला लावायचं. लोक नेमकं उलटं करतात, जिथं कार्ट्रिजबरोबर हेड आपोआप बदलतं तिथं रिफिलला घाबरतात आणि टँकमध्ये वाटेल ते ओततात. झेरॉक्सचं दुकान असेल, दिवसाला शेकड्यानं पानं असतील, तर गोष्ट वेगळी, तिथं ते पैसे मोठे होतात आणि हेड सुकायला वेळच मिळत नाही.

कारण सुकणं हा शाईपेक्षा मोठा शत्रू, ओरिजिनल घातली तरी. आठवड्यातून एकदा एक छोटं रंगीत पान काढा, चार रंगांच्या चार पट्ट्या पुरेत. प्रिंटर नेहमी त्याच्याच बटनानं बंद करा, भिंतीवरच्या स्विचनं नाही, कारण बटन दाबल्यावर हेड कोपऱ्यात जाऊन रबरी टोपीवर बसतं. पावसात आमच्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही, प्रिंट चालू असताना गेली तर हेड उघडंच मधे राहतं, लाइट आली की लगेच प्रिंटर चालू करून बटनानं बंद करा, उद्या बघू म्हणून सोडू नका. इंकजेट छोट्या यूपीएसवर चालतो, लेझर मात्र त्याला लावू नका, त्याचा हीटर एकदम एवढी वीज ओढतो की यूपीएस बोंबलतो.

कागद हा दुसरा पावसाळी त्रास. जून ते सप्टेंबर आमच्या घरात मीठसुद्धा पाणी सोडतं तर कागद काय कोरडा राहणार. ओल धरलेल्या कागदावर डाय शाई अक्षराच्या कडेनं पसरते आणि माणूस म्हणतो शाई खराब. रीम फोडली की उरलेले कागद प्लास्टिकच्या घट्ट डब्यात किंवा झिपवाल्या पिशवीत ठेवा, बुटांच्या खोक्यातल्या सिलिकाच्या पुड्या मी जमवून त्यात टाकतो, ट्रेमध्ये लागतील तेवढेच.

रेघा आल्या तर आधी नोझल चेक (हेडची सगळी भोकं चालतायत का दाखवणारं पान) काढा, मग एकदा क्लीनिंग, परत चेक. दोन-तीन वेळा करून फरक नाही तर रात्रभर तसाच ठेवा, सकाळी परत एकदा. सलग दहा वेळा करायचं नाही, कारण क्लीनिंगची सगळी शाई आतल्या स्पंजात जाते आणि त्याचाही हिशोब प्रिंटर ठेवतो. कॅननवर ५बी०० दिसलं की तो स्पंज भरला, ईप्सनपण सर्व्हिस हवी म्हणून अडून बसतो. नेटवर रिसेटचं सॉफ्टवेअर मिळतं, पण ते कुठूनही उतरवू नका, त्याबरोबर व्हायरस येतो हे माझ्या मेव्हण्याच्या लॅपटॉपनं सिद्ध केलंय, शिवाय स्पंज न बदलता नुसता आकडा शून्य केला तर शाई एक दिवस टेबलावर येते. कॅनन जी २०२० किंवा ३०२० सारख्या नव्या मॉडेलमध्ये हा स्पंज डब्यासारखा घरीच बदलता येतो, नवीन घेणार असाल तर हे जरूर बघा.

लेझरबद्दल थोडक्यात. घरात फक्त काळं छापायचं असेल तर मी सगळ्यांना जुना लेझर घ्यायला सांगतो. एचपीचे १२ए आणि ८८ए वाले, कॅननचा एलबीपी २९००, ज्याचं ३०३ कार्ट्रिज म्हणजे १२ए चाच जुळा भाऊ, हे अजून डिचोली-फोंड्यात ऑफिसाऑफिसात चालतायत. पावडर सुकत नाही, ओल्या हातानं अक्षर पसरत नाही. १२ए आणि ३०३ मध्ये चिप नसल्यानं रिफिलला काही अडवत नाही, आणि ओरिजिनलच्या भावात अनेक वेळा भरून होतं. पण रिफिल घरी करू नका, ती पावडर इतकी बारीक की फरशीवर सांडली तर आठवडाभर पायाला लागते. सांडलीच तर थंड पाण्याच्या ओल्या फडक्यानं पुसा, गरम पाण्यानं ती चिकटते, आणि घरचा व्हॅक्यूम अजिबात लावू नका, पावडर त्याच्या फिल्टरमधून आरपार जाऊन खोलीभर होते.

दुकानात भरायला दिलंत तर समोर उभे राहा आणि वाया गेलेल्या पावडरीचा कप्पा रिकामा करतात का बघा. काहीजण नुसतं भोक पाडून वरून भरतात, मग तो कप्पा ओसंडून पानावर राखाडी छटा येते. पानावर एकच डाग ठरावीक अंतरानं परत परत येत असेल तर पट्टीनं अंतर मोजा, १२ए मध्ये ते साधारण साडेसात सेंटिमीटर आलं तर ड्रमवर (पावडर कागदावर उतरवणाऱ्या नळकांड्यावर) ओरखडा आहे, नुसती पावडर भरून तो जाणार नाही, ड्रम बदला म्हणून सांगा. दोन-तीन रिफिलनंतर ड्रम आणि ब्लेड बदलावंच लागतं, तेवढे पैसे धरूनच हिशोब करा.

वॉरंटीचं सगळे विचारतात. बाहेरची शाई घातली म्हणून वॉरंटी आपोआप जात नाही, एचपीच्या वॉरंटीत तर स्पष्टच लिहिलंय, पण बिघाड त्या शाईमुळे झाला असं निघालं तर दुरुस्तीचे पैसे तुमचे. टँकवाल्याचं पहिलं वर्ष तरी ओरिजिनल घाला, एवढंच मी म्हणेन. आणि भिंतीवर लावायचा आजोबांचा फोटो बाहेरच्या शाईवर काढू नका, दोन पावसाळ्यांत चेहरा हिरवट होतो, स्टुडिओत द्या.

रिकामी कार्ट्रिजं पंचायतीच्या ओल्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचऱ्याच्या नियमात प्रिंटरबरोबर कार्ट्रिजही धरलेत. मी एका डब्यात जमवतो, चांगल्या अवस्थेतली ओरिजिनल रिफिलवाला घेतो, कधीकधी त्याचे पन्नास रुपये कमी करतो.

आरत्यांचे कागद आता लेझरवर निघतात. गेल्या वर्षी तेच कागद सहाव्या घरापर्यंत पोचले, एकावर नेवऱ्यांच्या (करंज्यांच्या) तुपाचा डाग होता तेवढाच.